दोरा आणि वारा

लेकीचं परदेशी जायचं नक्की झालं त्या संध्याकाळी आईने मला विचारलं, "किती लांब आहे रे?"

"चौदा तास."

"तास नको सांगूस. अंतर सांग."

आईने आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. तासांत सांगितलेलं अंतर तिला अंतर वाटतच नाही. मी फोनवर दोन्ही विमानतळांची नावं टाकली आणि समोर आलेला आकडा वाचून दाखवला. १२,००० किलोमीटरच्या थोडा वर. आई क्षणभर गप्प राहिली, मग म्हणाली, "हे कुठून कुठे मोजलं?"

"या विमानतळापासून त्या विमानतळापर्यंत."

"विमानतळ काय एवढासा असतो? मैलोगणती पसरलेला असतो. त्यातल्या नेमक्या कुठल्या जागेपासून?"

मला सांगता आलं नाही. त्या प्रश्नाला आता सहा वर्षं झाली. लेक तिकडे रुळली, तिचं घर झालं, तिच्या बोलण्यात तिकडच्या पावसाची आणि बर्फाची नावं आली. मी मात्र अजून त्या एका आकड्यापाशी घुटमळतो. माझ्या आणि तिच्या मध्ये जे काही आहे, त्यातलं मोजता येण्यासारखं एवढंच आहे असं वाटतं, म्हणून असेल.

त्याच संध्याकाळी आईने कपाटावरचा पृथ्वीगोल खाली काढला, धूळ पुसली आणि शिवणाच्या डब्यातून पांढरा दोरा आणला. एक टोक तिने इकडच्या शहरावर धरलं, दुसरं मला तिकडच्या शहरावर धरायला लावलं. "आता ताण," म्हणाली. दोरा सैल होता तोवर समुद्रावरून, वाळवंटावरून कसाही पडला होता. ताणत गेलो तसा तो हळूहळू वर सरकला, उत्तरेकडे, आणि शेवटी पांढऱ्या रंगाने रंगवलेल्या भागावर जाऊन बसला. माझ्या डोक्यातला रस्ता समुद्र ओलांडून आडवा जात होता. दोऱ्याने बर्फ गाठला होता.

"दोरा ताणला की तो आपला आपण जवळचा रस्ता धरतो," आई म्हणाली. हेच वाक्य तिने वर्गात कितीदा म्हटलं असेल.

त्या ताणलेल्या दोऱ्याला भूगोलात बृहद्वृत्ताचा कंस म्हणतात. गोलाचे बरोबर दोन सारखे भाग करणारं कुठलंही वर्तुळ म्हणजे बृहद्वृत्त. विषुववृत्त हे एक बृहद्वृत्त. बाकीची अक्षवृत्तं तशी नाहीत, ती ध्रुवांकडे लहान लहान होत जातात. गोलावरच्या दोन जागांमधलं सगळ्यात कमी अंतर नेहमी अशा मोठ्या वर्तुळाच्या कंसावर पडतं. हवाई अंतर म्हणून आपल्याला जो आकडा दिसतो, तो या कंसाची लांबी असतो.

मग भिंतीवरचा नकाशा वेगळं का सांगतो? तो नकाशा मुळात दर्यावर्दींसाठी केलेला. १५६९ मध्ये गेरार्डस मर्केटरने तो असा आखला की होकायंत्राची एकच दिशा धरून जाणारी वाट कागदावर सरळ रेघ दिसावी. शिडाच्या जहाजावरच्या माणसाला तेच हवं होतं. पण एकच दिशा धरून जाणारी वाट आणि सगळ्यात जवळची वाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पेद्रो नुनेश या पोर्तुगीज गणितज्ञाने त्याच्याही आधी, १५३७ मध्ये मांडलं होतं. जवळच्या वाटेने जाणाऱ्याला आपली दिशा पावलोपावली थोडी थोडी बदलत राहावी लागते.

सिडनी आणि सँतियागो घ्या. दोन्ही शहरं दक्षिण गोलार्धात, जवळजवळ एकाच अक्षांशावर, ३३-३४ अंशांच्या आसपास. नकाशा पाहिला तर सरळ पूर्वेला निघावंसं वाटतं. अक्षवृत्त धरून तसं निघालं तर १२,७०० किलोमीटरहून जास्त जावं लागेल. दोरा मात्र खाली अंटार्क्टिकाकडे ओढला जातो, ६० अंश दक्षिणेच्याही पलीकडे, आणि तिथून वर वळून चिलीला येतो. त्याची लांबी भरते ११,३०० च्या थोडी वर. बर्फाच्या दिशेने गेल्यामुळे सुमारे १,४०० किलोमीटर वाचतात. मी हे पहिल्यांदा कागदावर गणित करून काढलं आणि मग पृथ्वीगोलावर दोरा धरून पाहिलं. दोन्ही जुळले तेव्हा झालेला आनंद मला आईशिवाय कुणाला सांगता आला नसता.

आईच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तरही पुढे सापडलं. प्रत्येक विमानतळाचा एक संदर्भबिंदू ठरवलेला असतो. तो विमानतळाच्या भौमितिक मध्याजवळ घेतात आणि त्याचे अक्षांश-रेखांश अंश, मिनिटं, सेकंदांत नोंदवून ठेवतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा, म्हणजे आयकाओचा, तसा नियम आहे. एकदा ठरला की बिंदू सहसा हलत नाही. नवी धावपट्टी आली, जुनी इमारत पाडून दुसरीकडे बांधली, तरी तो आपल्या जागी. अंतर मोजतात ते एका विमानतळाच्या या बिंदूपासून दुसऱ्याच्या बिंदूपर्यंत. पुष्कळदा तो धावपट्ट्यांच्या मधल्या मोकळ्या गवतात कुठेतरी पडतो.

"म्हणजे जिथे कुणी उभंच राहत नाही तिथून, जिथे कुणी उभं राहत नाही तिथपर्यंत," आई म्हणाली.

तिच्या या वाक्याने मी थोडा हललो. निरोप द्यायला आपण काचेच्या दाराशी उभे राहतो. आणायला जातो तेव्हा कठड्याला रेलून. आपल्या मनातलं अंतर त्या दारापासून त्या कठड्यापर्यंतचं असतं आणि ते कुणी मोजलेलं नाही.

पण मोजणाऱ्यांनी केवढे कष्ट उपसले आहेत! आपण ज्या किलोमीटरमध्ये बोलतो तो पृथ्वीतूनच काढलेला आहे. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत, १७९२ मध्ये, दलांब्र आणि मेशँ हे दोन खगोलशास्त्रज्ञ डंकर्क ते बार्सिलोना हा रेखावृत्ताचा तुकडा मोजायला निघाले. पॅरिसवरून जाणाऱ्या रेखावृत्तावर उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंत जेवढं अंतर, त्याचा एक कोटीवा भाग म्हणजे एक मीटर, असं ठरलं होतं. कामाला वर्षानुवर्षं लागली. मेशँला बार्सिलोनाच्या अक्षांशात किंचित विसंगती सापडली. ती त्याने सहकाऱ्यांपासून लपवली आणि त्या टोचणीने तो अखेरपर्यंत तळमळत राहिला. १८०४ मध्ये स्पेनमध्ये तेच मोजमाप पुढे नेत असताना तो तापाने गेला. त्यांचा मीटर ठरवलेल्या व्याख्येपेक्षा ०.२ मिलिमीटरने आखूड निघाला, एवढीच चूक. पडद्यावर अर्ध्या सेकंदात अंतराचा आकडा येतो तेव्हा मला अधूनमधून मेशँ आठवतो. त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं की बाबा रे, तू फार चांगलं मोजलंस.

वैमानिक आणि खलाशी आजही सागरी मैलांत बोलतात आणि ते मापही पृथ्वीचंच. रेखावृत्तावर अक्षांशाचं एक मिनिट सरकलं की साधारण एक सागरी मैल. १९२९ मध्ये मोनाकोच्या परिषदेत तो १,८५२ मीटर असा पक्का झाला.

त्यातून पृथ्वी धड गोलही नाही. विषुववृत्तावर तिची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर, ध्रुवांकडे ६,३५७. या एकवीस किलोमीटरच्या फरकाने सगळं गणित अवघड होऊन बसतं. १९७५ मध्ये थॅडियस व्हिन्सेंटीने चपट्या पृथ्वीवरचं अंतर अगदी मिलिमीटरच्या हिशेबात काढणारी सूत्रं दिली. ती जगभर वापरली गेली. एकाच ठिकाणी ती अडतात, जिथे दोन जागा पृथ्वीच्या जवळजवळ समोरासमोरच्या टोकांवर असतात. हेही दोऱ्याने करून पाहण्यासारखं आहे. एक टोक एका जागी आणि दुसरं तिच्या बरोबर पाठीमागच्या जागी धरा. दोरा ताणला तरी एका वाटेवर ठरत नाही. उत्तरेवरून जातो, दक्षिणेवरून जातो, कुठूनही जातो, लांबी तेवढीच. गणितालाही कुठली वाट धरावी कळत नाही.

माद्रिद आणि वेलिंग्टनचे विमानतळ असे जवळजवळ समोरासमोर आहेत. त्यांच्यातलं अंतर १९,८०० किलोमीटरच्या वर जातं. शांघाय आणि ब्युनॉस आयर्स, तेही सुमारे १९,६००. पृथ्वीचा अर्धा घेर वीस हजारांच्या आसपास. त्याहून लांब कुणी जाऊच शकत नाही. वीस हजार किलोमीटर गेल्यावर पुढचं प्रत्येक पाऊल परतीचं होतं.

आईला हे सांगितलं तेव्हा तिने पुन्हा पृथ्वीगोल मांडीवर घेतला, लेकीच्या शहरावर बोट ठेवून दुसऱ्या हाताने मागची बाजू चाचपली आणि म्हणाली, "तशी पोरगी निम्म्याहून थोडीच जास्त लांब गेली की." त्या दिवसापासून तिने कुणालाही तास किंवा किलोमीटर सांगितले नाहीत. आमच्या घरच्या पृथ्वीगोलावर तो दोरा एक वीत आणि चार बोटं भरतो. "माझी नात एक वीत आणि चार बोटांवर असते," असं ती सांगते.

मी लेकीकडे पहिल्यांदा गेलो तो जून महिना होता. निघताना आईने बजावलं होतं, "दोरा सगळ्यात वर जातो ना, तिथे झोपू नकोस. बघून ये." मी खिडकीची जागा घेतली होती. समोरच्या पडद्यावर छोटं विमान, त्याच्या मागे वाकलेली रेघ आणि खाली उरलेलं अंतर. विमानात दिवे मालवले होते, सगळे गाढ झोपले होते. रेघेचं वळण अगदी माथ्यावर आलं तेव्हा मी खिडकीचं झाकण दोन बोटं वर केलं.

बाहेर लख्ख ऊन होतं. माझ्या घड्याळात मध्यरात्र होती आणि सूर्य क्षितिजाच्या थोडा वर, बुडायचं नावच घेत नव्हता. खाली पांढरा समुद्र आणि त्यावर बारीक काळ्या भेगा, कुठेही माणसाची खूण नाही. या जागेशी माझं काही नातं नाही, तिचं नावही मला माहीत नाही, तरी माझ्या आणि लेकीच्या बरोबर मध्ये हीच जागा आहे असं मनात आलं आणि मी झाकण खाली करू शकलो नाही. शेजारच्या आजोबांच्या चेहऱ्यावर उजेडाची पट्टी पडली होती. ते हलले, डोळे किलकिले केले, बाहेर पाहिलं. माझ्याकडे बघून फक्त मान हलवली आणि पुढची दहा मिनिटं आम्ही दोघं काही न बोलता बाहेर बघत राहिलो.

जाताना चौदा तास लागले होते, येताना सोळा. दोरा तोच, विमानाची जातही तीच. हा दोन तासांचा फरक समजून घेताना मला कळलं की अंतरं दोन असतात. एक जमिनीवरचं, दुसरं हवेतलं.

विमान हवेत उडतं आणि ती हवाच वाहत असते. समजा विमान हवेच्या मानाने ताशी ९०० किलोमीटर जातं आणि समोरून ताशी १०० चा वारा आहे. जमिनीवर त्याची गती ८०० च उरते. १२,००० किलोमीटरला १५ तास लागतात आणि तेवढ्या वेळात विमान हवेतून १३,५०० किलोमीटर कापतं. तोच वारा पाठीशी असेल तर १२ तास, हवेतलं अंतर १०,८००. वैमानिकांच्या हिशेबात हे वेगळे मैल असतात, हवेतले मैल आणि जमिनीवरचे मैल. इंधन हवेतल्या मैलांना लागतं. म्हणून फ्लाइट प्लॅन आखणारे लोक दोऱ्यापासून मुद्दाम दूर जातात. वाट वाकडी करून, शेकडो किलोमीटर जास्तीचे घेऊन पाठीचा वारा मिळत असेल तर ती वाकडी वाटच जवळची ठरते. 'आकाशाला रस्ता नाही' असं आपण सहज म्हणून जातो. आकाशात रस्ते आहेत आणि ते रोज नव्याने आखले जातात. उत्तर अटलांटिकवर तर दिवसातून दोनदा वाऱ्याचा अंदाज पाहून मार्ग जाहीर होतात, एकदा पश्चिमेकडे जाणाऱ्यांसाठी, एकदा पूर्वेकडे जाणाऱ्यांसाठी.

उंचावरच्या या वेगवान वाऱ्याला जेट स्ट्रीम म्हणतात. जपानमध्ये तातेनो इथल्या वेधशाळेत वासाबुरो ओइशी १९२० च्या दशकात फुगे सोडून उंचावरचे वारे मोजत असे. जपानच्या डोक्यावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे प्रचंड वेगाचा वारा वाहतो हे त्याने नोंदवलं आणि १९२६ मध्ये छापलं. साऱ्या जगाने वाचावं म्हणून त्याने ते एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या जागतिक भाषेत लिहिलं. जगाने वाचलं नाही. दुसऱ्या महायुद्धात उंच उडणारी बॉम्बफेकी विमानं त्या वाऱ्यात सापडली तेव्हा कुठे तो सगळ्यांना कळला. सगळ्यांसाठी म्हणून निवडलेल्या भाषेत लिहिलेलं कुणापर्यंतच पोहोचू नये, याचं मला फार वाईट वाटतं. फेब्रुवारी २०२० मध्ये एक मोठं वादळ अटलांटिकवरून पूर्वेकडे निघालं होतं. त्याच्या वाऱ्यावर न्यूयॉर्कहून निघालेलं एक प्रवासी विमान ४ तास ५६ मिनिटांत लंडनला पोहोचलं. एरवी सहा-सात तासांचा तो प्रवास. आता वारा म्हटलं की मला हे विमान आठवतं आणि त्याच्या मागे फुगा सोडून मान वर करून उभा असलेला ओइशी दिसतो.

आईला वाऱ्याची गोष्ट पटली, पण आवडली नाही. "वारा बदलला की अंतर बदलायचं असेल तर मोजायचं कशाला," असं तिचं म्हणणं.

पण सगळ्यात जास्त वेळ ज्या गोष्टीने मला धरून ठेवलं ती युद्धातली आहे. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडलं आणि ऑस्ट्रेलियाची पश्चिमेकडची हवाई वाट तुटली. मग १९४३ च्या मध्यापासून कॅटलिना जातीच्या उडत्या बोटींनी, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या विमानांनी, पर्थ ते सिलोन, म्हणजे आजच्या श्रीलंकेतलं कोग्गाला सरोवर, अशी वाट धरली. दोरा ताणला तर सुमारे ५,६५० किलोमीटर. मध्ये केवळ हिंदी महासागर, वाटेत शत्रूची विमानं, उतरायला जागा नाही. विमानात इंधन इतकं भरावं लागे की प्रवासी जेमतेम तीन घेता येत आणि टपाल थोडं. रेडिओवर बोलायचं नाही, कारण शत्रू ऐकेल. रात्री तारे पाहून वाट काढायची. एका उड्डाणाला २७ ते ३३ तास लागत. हवेत असतानाच प्रवाशांना दोनदा सूर्योदय दिसे. त्यांना नंतर प्रमाणपत्र मिळायचं, दुहेरी सूर्योदयाच्या गुप्त संघाचे सभासद म्हणून.

त्या तिघांपैकी एकाच्या जागी मी स्वतःला कितीदा बसवून पाहिलं आहे. पहिला सूर्योदय होतो तेव्हा किती अंतर राहिलंय हे सांगणारं समोर काही नाही. पडदा नाही, आकडा नाही. खाली पाणी, आणि घरच्यांना आपण कुठे आहोत याचा पत्ता नाही. दिवसभर तेच पाणी. मग रात्र, मग ताऱ्यांकडे बघणारा एक माणूस आणि त्याच्यावर टाकलेला भरवसा. मग दुसरा सूर्योदय. १९४५ मध्ये ती सेवा थांबेपर्यंत अशी शेकडो उड्डाणं झाली. तोच दोरा आजचं जेट विमान सात तासांच्या आत ओलांडेल. पर्थ ते लंडन, १४,५०० किलोमीटर, मध्ये न थांबता विमान जायला लागलं ते २०१८ मध्ये. ऑक्टोबर २०१९ मध्ये न्यूयॉर्कहून निघालेलं एक चाचणीचं विमान १९ तास १६ मिनिटांनी थेट सिडनीला उतरलं, त्यात फक्त ४९ माणसं होती. ही चाचणी ज्या प्रकल्पातली, त्याला सूर्योदयाचं नाव दिलंय ते कॅटलिनांच्या आठवणीने. नेहमीच्या प्रवासात आज सिंगापूर ते न्यूयॉर्क हा दोरा सगळ्यात लांब, १५,३०० किलोमीटरहून थोडा जास्त, अठरा तासांच्या वर.

दोरा ताणायला इंजिनावरचा विश्वासही लागतो. १९५३ च्या अमेरिकी नियमाप्रमाणे दोन इंजिनांच्या विमानाला कुठल्याही क्षणी उतरण्याजोगा विमानतळ साठ मिनिटांच्या टप्प्यात ठेवावा लागे. म्हणजे दोरा वाटेतल्या विमानतळांच्या खुंट्यांना अडकवत अडकवत न्यायचा. १९८५ मध्ये ही मुदत १२० मिनिटं झाली, पुढे १८०, आणि २०१४ मध्ये एका नव्या विमानाला ३७० मिनिटांची परवानगी मिळाली. खुंट्या सुटत गेल्या आणि दोरा ताठ होत गेला.

तो पुन्हा सैल झाला माणसांमुळे. शीतयुद्धाच्या काळात युरोपातून जपानला जाणाऱ्या बहुतेक विमानांना सोव्हिएत आकाश बंद होतं. १९५७ मध्ये कोपनहेगनहून उत्तर ध्रुवावरून, अलास्कातल्या अँकरेजला थांबून टोकियोची वाट सुरू झाली. दोऱ्याच्या कितीतरी बाहेरून. नंतर सैबेरियावरचं आकाश उघडलं, दोरा ताणला गेला आणि हेलसिंकी ते टोकियो नऊ-साडेनऊ तासांवर आलं. २०२२ मध्ये युद्ध सुरू झालं, ते आकाश पुन्हा मिटलं आणि तोच प्रवास तेरा तासांच्या आसपास गेला. काही उड्डाणं परत उत्तर ध्रुवावरून जाऊ लागली. दोन्ही विमानतळांचे बिंदू आपापल्या जागी होते, पृथ्वीगोलावरचा दोरा दोऱ्याएवढाच राहिला होता. तिकडे राहणाऱ्या कुणाच्या तरी आईबापांसाठी मूल एका रात्रीत चार तास लांब गेलं.

आमच्याही घरात ती रात्र आली. लेक इकडे यायला निघाली होती आणि मी फोनवर तिचं विमान बघत बसलो होतो. अर्ध्या वाटेवर रेघ वळली. आधी थोडी, मग जास्तच, आमच्या दोऱ्यापासून लांब लांब जाऊ लागली. उरलेलं अंतर कमी व्हायचं सोडून वाढायला लागलं. कारण कळायला मार्ग नव्हता, लेकीला विचारता येत नव्हतं. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय ते मला त्या रात्री कळलं. आई उठून शेजारी येऊन बसली. तिने फोनकडे पाहिलंच नाही. पृथ्वीगोल पुढ्यात घेतला, दोरा लावला, दोन्ही टोकं स्वतःच धरली आणि म्हणाली, "बघ, आहे तेवढंच आहे."

मला तेव्हा तिचा थोडा रागच आला होता. विमान भलतीकडे चाललंय आणि ही दोरा धरून बसली आहे! पण पहाटेपर्यंत मीही फोन बाजूला ठेवला आणि दोऱ्याचं एक टोक हातात घेतलं. विमान एका तिसऱ्याच विमानतळावर उतरलं, इंधन घेऊन पुन्हा निघालं आणि लेक नऊ तास उशिरा घरी आली. वाटेतलं एक आकाश त्या रात्री अचानक बंद झालं होतं, एवढंच पुढे कळलं.

विमानाच्या धुराचा हिशेब करताना आयकाओ दोऱ्याच्या लांबीत काही किलोमीटर मिळवून धरते. ५,५०० किलोमीटरच्या वरच्या प्रवासाला १२५. वाट वाकडी होणार, घिरट्या घालाव्या लागणार, वादळाला वळसा पडणार, त्याचे हे सव्वाशे. हे वाचलं तेव्हा मला बरं वाटलं. कागदावरच्या अंतरात कुणीतरी भटकण्याची सोय करून ठेवली आहे.

आज हे लिहितोय तेव्हाही लेक हवेत आहे. या खेपेला तिच्या मांडीवर माझी नात आहे, आईची पणती. आईला आता नीट दिसत नाही, पण पृथ्वीगोलावरची दोन्ही शहरं तिला बोटांनी सापडतात, वारंवार हात फिरून तिथला रंग गेलाय. दोरा मध्ये एकदा बदलला, जुना विरला होता. नवा तिने वीत आणि बोटं मोजून स्वतः तोडला.

पडद्यावर उरलेलं अंतर तीन आकडी झालं, मग दोन आकडी. आकडा संपला. थोड्या वेळाने फोन वाजला.

"बाबा, उतरलो. अजून विमानातच आहोत, धावपट्टीवरून आत चाललंय. आजीला सांगा."

मी आईला सांगितलं. तिने हातातला दोरा खाली ठेवला नाही.

"दारातून बाहेर आली की सांग," ती म्हणाली.